अर्ध्या मापाचा बार

माझ्या लिहिण्याच्या मेजाच्या खणात बोटभर लांबीची एक बांबूची नळी आहे. एका टोकाला पेराची नैसर्गिक बूड, दुसऱ्या टोकाला तासून गुळगुळीत केलेली कड, आणि बाहेरून तापलेल्या खिळ्याने उमटवलेली एक आडवी खूण. घरी येणारी लहान मुले तिला शिट्टी समजून ओठांना लावतात. त्यातून आवाज निघत नाही, म्हणून निराश होऊन ती परत ठेवून देतात. ती शिट्टी नव्हे, बंदुकीत दारू भरण्याचे ते माप आहे, आणि तेही अर्धे, हे मी त्यांना सांगतो तेव्हा त्यांचे डोळे विस्फारतात. एका ख्रिस्ती घरात, जपमाळेच्या शेजारी, बंदुकीच्या दारूचे माप कशासाठी? वाचकांच्या मनातही हाच प्रश्न येईल. त्याचे उत्तर द्यायला मला साठ वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

माझे वडील अहमदनगर जिल्ह्यातले. नोकरीच्या निमित्ताने ते वर्धा जिल्ह्यात पुलगावला आले आणि तिथलेच झाले. पुलगाव म्हटले की लोकांना लष्कराचे दारूगोळा भांडार आठवते. बाबा त्याच भांडारात मुलकी कारकून होते. कोणत्या खोक्यात काय आहे, ते कधी आले, कधी गेले, याच्या नोंदी ठेवणे हे त्यांचे काम. त्याबद्दल ते घरी एक अक्षरही बोलत नसत. मात्र दारू, शिसे, पितळ या वस्तूंचा स्वभाव त्यांना चांगला ठाऊक होता, आणि स्वभावाविषयी बोलायला त्यांना कसलीही बंदी नव्हती.

आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक शेतकरी कुटुंब राहत असे. त्या घरातल्या कर्त्या पुरुषाला सारी आळी ‘काकाजी’ म्हणे, आणि आम्हीही तसेच म्हणू लागलो. अंगात खादीची बंडी, डोक्याला पांढरी टोपी, कपाळावर बुक्का. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, ज्या गावाला पुढे सेवाग्राम म्हणू लागले, तेव्हा काकाजी तरुण होते आणि अनेकदा पायी जाऊन त्यांनी तिथली प्रार्थना ऐकली होती. असे असूनही त्यांच्या घराच्या आड्याला एक ठासणीची बंदूक टांगलेली असे. तिचा पीकसंरक्षणाचा रीतसर परवाना होता. ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरांचे कळप रात्रीत वावराची नासाडी करून जात. जेवढे खात, त्याच्या कितीतरी पट तुडवून टाकत. खादी आणि बंदूक एका अंगावर कशी शोभते, असे बाबांनी एकदा थट्टेने विचारले, तेव्हा काकाजी शांतपणे म्हणाले, “बापूजींनीच लिहिलं आहे ना, पीक खाणाऱ्या माकडाले कास्तकारानं काय करावं ते. त्याइले बी सोपं उत्तर सापडलं नाही, मले कुठून सापडीन?” पिकाची नासाडी करणाऱ्या प्राण्यांचा प्रश्न गांधीजींनाही खरोखरच छळत असे, आणि शेती करणाऱ्याला ही हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, हे त्यांनी कबूल केले होते.

काकाजींनी आपल्यापुरते एक उत्तर शोधले होते. त्यांच्याजवळ बांबूची दोन मापे होती, एक पुरे आणि एक अर्धे. वर्षानुवर्षे ते अर्धेच वापरत.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. साल १९६१. दसरा झाला की काकाजी परसात गोळ्या ओतायला बसत. तीन दगडांची चूल, तिच्यावर लोखंडी कढई, बाजूला लांब दांड्याची पळी, सांडशी आणि दोन पाखांचा लोखंडी साचा. घरातल्या चुलीवर हा उद्योग काकू करू देत नसत. शिशाचे विष कसे असते हे त्यांना कुणी शिकवले नव्हते, परंतु ज्या कढईत शिसे वितळले ती कढई स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही, हा त्यांचा दंडक होता, आणि काम आटोपल्यावर राखेने हात घासल्याशिवाय काकाजींना पाण्याचा तांब्या मिळत नसे. आज शिशाच्या दुष्परिणामांबद्दल जे काही कळले आहे, ते पाहता त्या माउलीचा दंडक किती शहाणपणाचा होता हे पटते.

शिसे मोठे आज्ञाधारक. ३२७ अंशांना ते वितळते. लोखंडाला किंवा तांब्याला लागते तशी भट्टी त्याला लागत नाही, परसातली चूलही पुरते. नखाने ओरखडा काढावा इतके मऊ, आणि पाण्याच्या अकरापटीहून जड. भंगारातून आणलेले शिसे कढईत वितळले की वर राखाडी साय धरे. मग काकाजी त्यात मेणाचा एक तुकडा टाकत. भपकन ज्योत उठे, धूर होई, आणि पळीने ढवळताच आतला सारा मळ वर येऊन तरंगू लागे. तो काढून टाकला की खाली राही तो आरशासारखा चकचकीत रस. मग साचा भरायचा, क्षणभर थांबायचे, सांडशीने पाखे उघडायचे, की गोणपाटावर टपकन गोळी पडे. पहिल्या दोन-चार गोळ्या सुरकुतलेल्या निघत, कारण साचा पुरेसा तापलेला नसे. त्या पुन्हा कढईत जात. प्रत्येक गोळी काकाजी चिमटीत फिरवून पाहत. जिच्या पोटात पोकळी असल्याचा संशय येई, ती तागडीत टाकत. हलकी भरली की परत कढईत.

‘बारा बोर’ हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा समजून घेतला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल, ती नळी बारा बोरची. म्हणजे गोळी सुमारे ३८ ग्रॅमची आणि नळीचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर. सोळा गोळ्या झाल्या तर सोळा बोर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. जगभरच्या बंदुकांना आजही जी नावे दिली जातात, त्यांच्या मुळाशी अशीच कुठलीशी चूल, कढई आणि साचा आहे, याचे मला अजूनही नवल वाटते.

मला हे सारे जवळून पाहता यावे, याची एक किंमत होती, आणि ती मी स्वतःच ठरवली होती. आमच्या छोट्या प्रार्थनामंदिरात महिन्यातून एकदा फादर येत, तेव्हा मी वेदीसेवक असे. लॅटिन उत्तरे पाठ होती, अर्थ कळत नव्हता. मेणबत्त्यांची सफाई करणे हे माझे काम. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, त्यामुळे थोटके पुष्कळ जमत. वेदीच्या मेणबत्त्या त्या काळी मुख्यतः मधमाश्यांच्या मेणाच्या असत. काकाजींना मेण दोन कामांसाठी हवे असे, कढईतला मळ काढण्यासाठी आणि तिळाच्या तेलात मिसळून गोळीभोवतीच्या चिंधीला लावण्यासाठी. तशी चिंधी असली की गोळी नळीत घट्ट बसते आणि ठासताना अडत नाही. एक दिवस मी खिशातून पाच-सहा थोटके काढून त्यांच्यापुढे ठेवले. “कोठून आणले बापू?” त्यांनी विचारले. “घरचे आहेत,” मी म्हणालो. ते माझे पहिले खोटे.

बंदुकीच्या चरबीवरून या देशात काय घडले होते, ते पुढे शाळेत शिकलो. १८५७ साली काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याच्या वार्तेने शिपाई बिथरले, तेव्हा सरकारने त्यांना स्वतःच्या हाताने मेण आणि तेल लावण्याची मुभा दिली. पण विश्वास एकदा उडाल्यावर मेणाने तो चिकटत नाही. वाचताना मला ते थोटके आठवत आणि कानशिले तापत.

बाबा सुट्टीच्या दिवशी कधीमधी परसात येऊन बसत. अर्ध्या मापाबद्दल त्यांना आदर होता, पण चिंताही होती. ते सांगत, “कमी भरणे म्हणजे निष्काळजीपणे भरणे नव्हे. पुऱ्या बारापेक्षा अर्ध्या बाराला अधिक लक्ष लागते.” ठासणीच्या बंदुकीत दारू कमी असली, तरी गोळी थेट दारूवर टेकेपर्यंत ठासावी लागते. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. रायफलीच्या काडतुसात दारू फारच कमी पडली, तर गोळी नळीतच अडकून बसते. बार झाला असे समजून माणूस पुढची गोळी झाडतो, आणि नळीसकट स्वतःचा हात गमावतो. लष्करातही नवशिक्यांना लहान चांदमारीत सरावासाठी कमी शक्तीची काडतुसे देण्याची रीत होती, असे ते सांगत. कमी दारू आणि उघड्या शिशाची हलकी गोळी. वेग वाढला की उघडे शिसे नळीच्या आट्यांना माखून राहते. म्हणून धूरविरहित दारू आली तेव्हा वेगवान गोळ्यांना तांबे-निकेलचे कवच चढवावे लागले. मऊ शिशाला मऊ वेगच मानवतो.

“मऊ म्हणून गरीब समजू नकोस हो त्याला,” बाबा पुढे बजावत. कवचाचे टोक उघडे ठेवून आतले मऊ शिसे मोकळे सोडले, की ते शरीरात फुलते आणि भयंकर जखम करते. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात तशा गोळ्या झाल्या, आणि १८९९ साली हेग येथे राष्ट्रांनी एकत्र येऊन युद्धात त्यांचा वापर निषिद्ध ठरवला. पुढे महाविद्यालयात एन. सी. सी.मध्ये मी पॉइंट टू टूची रायफल चालवली. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, निव्वळ शिशाची. थ्री नॉट थ्रीची अकरा ग्रॅमची आणि तिच्या दुपटीहून अधिक वेगाची. तरीही आमचे उस्ताद बजावत, की ही चिमुकली गोळी मैलभर जाऊ शकते. कमी म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मला तेव्हा बाबांचा आवाज ऐकू आल्यासारखे वाटले.

मग काकाजी अर्धे माप का वापरत? कारणे साधी होती. परवान्यावर मिळणारी दारू आणि टोप्या मोजक्या. बंदूक जुनी, नळी झिजलेली. चहूकडच्या वावरांत मचाणांवर दुसरे कास्तकार जागल करत बसलेले. चुकलेली गोळी धुऱ्याच्या पलीकडे जाता कामा नये. आणि शेवटचे कारण ते हसत हसत सांगत: “डुकराले घरी जाय म्हणाचं आहे, देवाघरी नाही.” बहुतेक रात्री ते गोळी न घालता नुसत्या चिंधीचाच बार काढत. गोळी घातलीच, तर ती समोरच्या मातीच्या धुऱ्यात शिरे. दुसऱ्या दिवशी ती उकरून आणली की पुन्हा कढईत. एकच शिसे असे कित्येक वर्षे फिरत राहिले होते.

उकरून आणण्याचे हे काम मी आपणहून घेतले होते, आणि तिथेच माझ्या हातून ती गोष्ट घडली.

त्या रविवारी धुऱ्यातून सात-आठ चेपलेल्या गोळ्या मिळाल्या. चिखलाने बरबटल्या होत्या. काकाजींना स्वच्छ द्याव्यात, म्हणून मी त्या नाल्याच्या पाण्यात धुतल्या आणि मुठीत धरून धावत आलो. कढईत रस तयार होता. काकाजी साच्याला काजळी धरीत पाठमोरे बसले होते. मी मूठ उघडली आणि सगळ्या गोळ्या एकदम कढईत सोडल्या.

घट्ट शिसे वितळलेल्या शिशापेक्षा जड असते, त्यामुळे ते तळाशी जाते. पाणी रसाच्या वर पडले तर फुसफुसून उडून जाते. परंतु ते रसाखाली सापडले, की क्षणात त्याची वाफ होते आणि सुमारे सतराशे पट जागा मागते. हे मला नंतर कळले. त्या क्षणी फक्त एक ‘फट्’ असा आवाज झाला. काकाजींना बहुधा फुसफुस आधी ऐकू आली असावी. त्यांनी वळून डाव्या हाताने मला मागे ढकलले. मी तुळशीवृंदावनापाशी जाऊन पडलो. उडालेले शिसे त्यांच्या त्याच हातावर, गालावर आणि डाव्या पापणीवर पडले.

डोळा वाचला. पण पापणी कायमची खाली ओढली गेली, आणि त्या डोळ्याची नजर मंदावली. गाव गोळा झाले तेव्हा विव्हळत असतानाही ते सर्वांना सांगत होते, “साचा ओला राहिला गड्या. माझीच चूक.” मी तुळशीपाशी उभा होतो. कुणी माझ्याकडे पाहिले नाही, कुणी विचारले नाही, आणि मी बोललो नाही.

दोन महिने मी त्या परसाकडे फिरकलो नाही. नाताळापूर्वी फादर आले. प्रायश्चित्ताच्या वेळी मी आधी थोटक्यांचे सांगितले. ते सोपे होते. मग बराच वेळ गप्प राहिलो. फादरांनी घाई केली नाही. शेवटी बाकीचेही सांगून टाकले. मला वाटले होते, दहा-बारा ‘नमो मरिया’ म्हणायला सांगतील आणि सुटका होईल. त्यांनी एकच विचारले, “त्यांना हे माहीत आहे का?” मी नाही म्हणालो. “मग देवाकडे येण्यापूर्वी तिकडे जायला हवे होते. आता इथून जा.”

संध्याकाळी गेलो. काकाजी ओट्यावर कापसाची बोंडे निवडत बसले होते. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा नुसता रडलो असेन. त्यांनी मला जवळ ओढले. “मले माहीत होतं बापू. तुया हाताचं पाणी ठिबकत आलं होतं अंगणभर. पण पोरगं भोवती असताना उघड्या कढईकडं पाठ करून कोण बसलं होतं? मीच ना? मंग चूक कोणाची?” थोडे थांबून ते म्हणाले, “मेणबत्त्या बी देवळाच्या होत्या, ते बी समजलं होतं. घरच्या मेणबत्तीले असा वास येत नाही. त्या पहिल्या दिवशीच परत द्याले पायजे होत्या. म्या ठेवून घेतल्या. तू एकटाच चोर नाही.”

मी क्षमा मागायला गेलो होतो आणि त्यांनी अर्धा अपराध आपल्याकडे घेतला. तेही त्यांचे अर्धे मापच होते. संपूर्ण दोष माझ्यावर ठेवला असता तर मी तो घेऊन आयुष्यभर वाकलो असतो. संपूर्ण दोष त्यांनी घेतला असता, जसा तो गावासमोर घेतला होता, तर मी खोटा राहिलो असतो. त्यांनी मोजून दिला. एका अकरा वर्षांच्या मुलाला पेलेल इतका.

आईला कळले तेव्हा ती रागावली नाही. पुढच्या महिन्यात तिने आपल्या पैशांतून दोन मेणबत्त्या विकत घेतल्या. एक वेदीसाठी माझ्या हाती दिली, दुसरी काकूंच्या देवघरासाठी पाठवली. शिसे ओतण्याचे काम काकाजींनी त्यानंतर पुन्हा केले नाही. उरलेली वर्षे ते नुसत्या चिंधीचाच बार काढीत राहिले, आणि डुकरेही, खरे सांगायचे तर, पूर्वीइतकीच येत आणि पूर्वीइतकीच पळत. पुढे निवडणुकीच्या वेळी बंदूक नियमाप्रमाणे ठाण्यात जमा झाली. मुलांनी परवान्याचे नूतनीकरण केले नाही, आणि ती परत आली नाही. १९८४ साली काकाजी गेले. त्यांच्या थोरल्या मुलाने ही नळी माझ्या हातात ठेवली: “दादांनी तुमच्यासाठी ठेवली होती.” पुरे माप कुठे गेले ते कुणालाच ठाऊक नव्हते.

आता असला उद्योग कुणी करू नये, आणि करताही येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि वन्यप्राण्यावर गोळी झाडायला वनखात्याची परवानगी लागते. हे योग्यच आहे. मी त्या दिवसांचे गोडवे गाण्यासाठी लिहीत नाही. मला वेगळेच काही सांगायचे आहे.

३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आमच्या घराच्या खिडक्यांची तावदाने थरथरली, आकाश तांबडे झाले. जवळच्या गावांतून लोक लेकरे काखोटीला मारून निघाले. त्या आगीत दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जणांचे प्राण गेले. आग विझवायला जे आत धावले, तेच बहुतेक गेले. दोन वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी, सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानात मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा माणसे दगावली. त्यांत रोजंदारीसाठी आलेले आसपासच्या खेड्यांतले मजूर होते. बाबा म्हणत असत, “दारू म्हातारी होते, पण शहाणी होत नाही.” त्या दोन्ही दिवशी मला त्या वाक्याची आठवण झाली.

देशाला भांडारे लागतात, हे मी नाकारत नाही. बाबांच्या त्याच पगारावर मी शिकलो. पण काकाजींना आपली प्रत्येक गोळी वजनाने ठाऊक होती. तिच्या पोटात पोकळी आहे का, ती धुऱ्यात कुठे जाऊन बसली, हे त्यांना सांगता येत होते. म्हणूनच त्यांना अर्ध्यावर थांबता आले. जी गोष्ट आपल्या हातांनी मोजलेली नसते, ती किती पुरे हे कळत नाही. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगर होतील असे स्वप्न पाहिले. ते कधी खरे होईल ते देव जाणे. तोवर आपल्या हातात निदान माप तरी असावे, एवढेच मला वाटते.

आमच्या घरात या प्रसंगावरून एक बोलणे रूढ झाले आहे. कुणी रागाच्या भरात तोंड उघडू लागले, की दुसरा हळूच विचारतो, “ओले तर नाही ना?” बाहेरच्यांना त्याचा अर्थ लागत नाही. माझ्या नातवाला मात्र लागतो. परवा मी त्याला कशावरून तरी ओरडणार होतो, तेवढ्यात त्यानेच मला हा प्रश्न विचारला. मी थांबलो. खणातली नळी काढून त्याच्या हातावर ठेवली, आणि जे बोलायचे होते त्यातले निम्मेच बोललो. तेवढे त्याला पुरले.